चट्टेवाल्या साहेबांचा चट्टा

ओळखीच्या एका संपादकांनी सांगितलं, "नोकरीतले अनुभव लिहा, पण वाचकांना प्रेरणा मिळेल असं लिहा." मी त्यांना आधीच बजावून ठेवलंय, प्रेरणेची जबाबदारी माझ्यावर नाही. एकतीस वर्षं मी लोकांना सदरे काढायला लावले आणि त्यांच्या पाठी बघितल्या. ह्यातून कुणाला प्रेरणा मिळालीच, तर त्याला आधी डॉक्टरला दाखवा.

भोर आणि वेल्हे ह्या दोन तालुक्यांत मी कुष्ठरोगाचं काम करायचो. कागदावर मी तंत्रज्ञ होतो, लोकांच्या तोंडी 'चट्टेवाले सायेब'. मी डॉक्टर नव्हतो, पण गळ्यात पिशवी आणि खिशाला दोन पेनं असल्यावर आमच्याकडं माणूस साहेब होतो. मी वाडीत शिरलो की पोरं ओरडायची, "चट्टेवाले आले, चट्टेवाले!" आणि अर्ध्या गावाला एकदम शेतातलं काम आठवायचं.

काम तसं सोपं होतं. माणसाला अंगणात उन्हाला उभं करायचं, कारण घरातल्या बल्बच्या उजेडात फिकट चट्टा दिसत नाही. लोक खाजणारं सगळं दाखवायचे, गजकर्ण, खरूज, पावसात चिघळलेल्या बोटांच्या बेचक्या. मला मात्र न खाजणाऱ्याची काळजी. फिकट किंवा लालसर डाग आहे, तिथं घाम नाही, खाज नाही, असं दिसलं की मी पेन काढायचो. डोळे मिटायला सांगायचं, पेनाचं टोक हलकेच टेकवायचं आणि जिथं लागलं तिथं बोट ठेवायला सांगायचं. डागाबाहेर बरोबर बोट ठेवणारा माणूस डागावर टेकवल्यावर गप्प उभा राहिला, की समजायचं. मग कोपरामागं, मानेच्या कडेला, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला नसा चाचपायच्या, त्या जाड झाल्यात का बघायच्या. कार्डावर माणसाची दोन चित्रं छापलेली असायची, एक पुढून, एक पाठीमागून. त्यावर चट्टा काढायचा. गोळ्यांची पाकिटं सरकार फुकट देतं. सहा महिने नाहीतर बारा महिने खायच्या, रोग जातो. पहिला डोस आमच्यासमोर घ्यायचा, आणि लघवी लाल होईल, घाबरू नका, हे आधी सांगायचं. हे एकदा एकाला सांगायला विसरलो होतो. तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात रडत उभा होता.

गिऱ्हाईकं एकेक नमुने. किकवीचा एक गडी होता, लग्न आठ दिवसांवर आलेलं आणि पाठीवर पांढुरके डाग. मी त्याला पाठमोरा उभा केला, डोळे मिटायला लावले. पेन अजून माझ्या खिशातच होतं, तर हा ओरडला, "लागलं!"

"अरे, अजून म्या टेकवलंच न्हाई."

"तरीबी लागलं सायेब. लई लागलं!"

डाग निघाले शिब्याचे, घामानं येणाऱ्या. गड्यानं मला उचलायचंच बाकी ठेवलं आणि लग्नाचं आवतण दिलं. मी आपला इस्त्रीचे कपडे घालून गेलो. नवरीकडच्या कुणीतरी मला ओळखलं आणि मांडवात कुजबूज सुरू झाली, हा चट्टेवाला हितं कशाला आलाय? नवरदेवाच्या मामानं मला मागच्या दारानं पंगतीला बसवलं आणि मागच्याच दारानं वाटेला लावलं. जिलबी मात्र भरपूर वाढली.

हे सगळं मी हसत सांगतो. आबांचं सांगताना मला हसू येत नाही. वेल्ह्याच्या वाटेवर विंझरच्या पुढं, रस्ता सोडून आत डोंगराच्या पोटाला एक वाडी आहे, तिथले ते. साठी ओलांडलेला ताठ माणूस. बारा महिन्यांचं औषध होतं, त्यांनी एक दिवस चुकवला नाही. पण पहिल्या दिवसापासून स्वतःचं ताट वेगळं केलं, अंथरूण गोठ्याकडच्या पडवीत नेलं. वर्षा-सव्वावर्षाचा नातू रांगत आला की आबा पाय वर घ्यायचे. मी दर खेपेला व्याख्यान द्यायचो. "आबा, पहिली गोळी पोटात गेली की तुमच्यापासून कुणाला काही होत न्हाई. घ्या त्याला मांडीवर." ते म्हणायचे, "व्हय, व्हय." बारा महिने झाले, कार्डावर 'उपचार पूर्ण' लिहिलं. तरी पाय वरच. तेव्हा मात्र मी चिडलो, वाडीसमोर चढ्या आवाजात बोललो. आबा म्हणाले, "सायेब, तुमी सांगताय त्ये खरंच असंल. पर हात फुडं येत न्हाई, काय करू?"

पुढं किती तरी वर्षं मी प्रशिक्षणात आबांची गोष्ट सांगत होतो, 'लोकांचं अज्ञान' ह्या मथळ्याखाली. समोर बसलेल्या, गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई माना डोलवायच्या. एक गोष्ट मात्र मी त्या प्रशिक्षणात कधी सांगितली नाही. आबांच्या वाडीवरून परत निघालं की वळणापलीकडं ओढा लागायचा. तिथं मी पिशवीतला साबण काढून कोपरापर्यंत हात धुवायचो. गरज नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून तर वळण ओलांडून धुवायचो.

आता माझ्या स्वतःच्या पायाची गोष्ट. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. लेक मनीषा जपानात असते, जावईबापू तिथं मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. तिला मुलगी झाली. मी आणि आमची मंडळी, म्हणजे शालन, बाळंतपणाला गेलो. भर थंडीचे दिवस. नात अडीच महिन्यांची, मुठी आवळून झोपणारी, आणि मी दिवसभर तिला खांद्यावर घेऊन घरात येरझारा घालायचो. शालन म्हणायची, "अवं, पोरीला जरा जमिनीचं तोंड बघू द्या."

तिसऱ्या आठवड्यात अंघोळीनंतर पाय पुसताना उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला टॉवेल लागतोय ते कळंना. खाली बघितलं तर तळहाताएवढा फिकट, कोरडा डाग. खाजवून बघितलं, खाज नाही. चिमटा घेतला, कुणा दुसऱ्याच्या पायाला घेतल्यासारखा. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, थंडीनं कातडी फुटली, आणि खोबरेल लावून मोकळा झाला असता. पण मी पडलो तज्ज्ञ. माझी पाचावर धारण बसली.

मग मी न्हाणीघराला आतून कडी लावून स्वतःची तपासणी सुरू केली. डोळे मिटायचे, पेन टेकवायचं, कुठं लागलं ते सांगायचं. टेकवणारा मीच, सांगणारा मीच, आणि बोट ठेवायचंही मलाच. हे कसं जमणार? एखाद्या शिकाऊ पोरानं असला प्रकार केला असता तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. तरी मी सकाळ-संध्याकाळ ते करत होतो आणि दर वेळी माझा निकाल पक्का होत होता. शालन बाहेरून विचारायची, "पोट बिघडलंय का तुमचं?" मी म्हणायचो, "व्हय."

आणि मी नातीला घ्यायचं बंद केलं. हे मुद्दाम ठरवलं नव्हतं. मनीषा तिला पुढं करायची आणि मी म्हणायचो, सर्दी झालीय. मग म्हणायचो, हात गार आहेत. मग कंबर धरली. बारा दिवस असे काढले. मला सगळं माहीत होतं. हा रोग असा हात लावून एका दिवसात लागत नाही हे मी हजार अंगणांत सांगितलेलं. आणि ते सगळं माहीत असून मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसायचो. मनीषाला सांगावं तर तिच्या तोंडचं पाणी पळेल. जावईबापूंच्या घरमालकाला कळलं तर? परत जाताना विमानात घेतलं नाही तर? भोरच्या एका जुन्या सहकाऱ्याला सांगून गोळ्यांची पाकिटं शेंगदाण्याच्या चटणीत घालून मागवायची, इथपर्यंत माझी योजना तयार होती. तेराव्या दिवशी मीच मला म्हणालो, अरे, तू लोकांना काय सांगायचास? लपवू नका, दाखवा. आणि मी 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून बाहेर पडलो.

दोन चौक सोडून कातडीचा दवाखाना होता. तो मला माहीत होता, कारण मागं बाळाच्या गालावर पुरळ आलं तेव्हा मनीषाबरोबर मी तिथं गेलो होतो. दारात बूट काढून त्यांच्या सपाता घालायच्या. माझी टाच अर्धी बाहेर. काउंटरवरची मुलगी वाकून काहीतरी बोलली. मीही वाकलो. ती पुन्हा वाकली. मला वाटलं थांबायचं कुणी हे कळेपर्यंत आमची दोघांची कंबर जाणार. तिला इंग्रजीचे चार शब्द येत होते आणि मला सहा, पण ते दहाही वेगवेगळे. मग मी मोबाईल काढला. जावईबापूंनी त्यात मराठीचं जपानी करणारी सोय घालून दिली होती. पण मोबाईलला आमची भोरची बोली कळंना. म्हणून मी रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलायला लागलो, "मला वैद्यांना भेटावयाचे आहे." सगळी बाकं माझ्याकडं बघायला लागली.

तिनं एक कागद दिला, आणि काय सांगू, त्यावर माणसाची दोन चित्रं! एक पुढून, एक पाठीमागून. भाषा कळंना, पण हा गडी माझ्या ओळखीचा होता. मी पेन काढून उजव्या मांडीवर चट्टा काढला, कडा काढल्या, बधिर भागाला आडव्या रेघा मारल्या, बाजूला लांबी-रुंदी लिहिली. काउंटरवरच्या मुलीनं तो कागद शेजारणीला दाखवला. इतका सुबक पेशंट त्यांनी बघितला नसावा. मला जरा अभिमानच वाटला. आपण कशासाठी आलोय ते क्षणभर विसरलो.

डॉक्टरीणबाई सत्तरीच्या असाव्यात. बुटक्या, पांढरे केस, तोंडाला मास्क. शेजारी एक तरुण नर्स. मी मोबाईलमध्ये तोंड घालून बातमी दिली, "मी कुष्ठरोगाचे काम एकतीस वर्षे केले. आता मला स्वतःला कुष्ठरोग झाला आहे." मोबाईल ते त्यांच्या भाषेत मोठ्यानं बोलला. बाईंनी मोबाईल हातात घेऊन त्यावरची अक्षरं दोनदा वाचली. नर्स अर्धं पाऊल मागं सरकली. अर्धंच. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं, पण मी आयुष्यभर तेच बघत आलोय. फक्त समोरच्या माणसाला ते किती मोठं दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

बाईंनी हातातले मोजे उतरवून ठेवले. मला खुर्चीत बसवलं, माझं कोपर हातात घेतलं आणि हाडामागची नस बोटांखाली हळूच फिरवून बघितली. मग मान एका बाजूला वळवून कानाखाली. मग गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला. कानाच्या पाळ्याही दाबून बघितल्या. माझ्याच क्रमानं, माझ्याच जागा! दाबताना त्या माझ्या हाताकडं न बघता तोंडाकडं बघत होत्या, दुखतंय का ते कळायला. मीही तसंच बघायचो. बाई कुठं शिकल्या, कुणावर शिकल्या, ते विचारायला भाषा नव्हती. माझा हात त्यांच्या उघड्या हातात होता आणि मला रडू आलं. बाईंनी निमूटपणे कागदी रुमालांचा डबा पुढं सरकवला.

मग त्यांनी विजार खाली करायची खूण केली. इथं घोटाळा झाला. माझ्या कंबरेला पिशवी होती.

ह्या पिशवीचं सांगायला पाहिजे. आम्ही निघालो तेव्हा शेजारच्यांनी घाबरवलं होतं, पासपोर्ट हरवला तर माणूस तिकडंच राहतो. म्हणून शालननं माझ्या जुन्या खाकी पँटचं कापड घेऊन एक पिशवी शिवली, तिला विजारीची नाडी ओवली आणि माझ्या कंबरेला उजवीकडं निरगाठ मारून बांधली. अंघोळीला सोडायची, पुन्हा बांधायची. झोपतानासुद्धा ती कंबरेलाच. घसरू नये म्हणून मी रोज ती जरा आणखी आवळायचो. बाईंनी ती टेबलावर ठेवायला सांगितली. नर्सनं कुतूहलानं बघितलं, म्हणून मी उघडूनच दाखवली. पासपोर्ट, त्याच्या तीन झेरॉक्स, आधार कार्ड, मतदार कार्ड, पेन्शनच्या कागदाची घडी, अडकित्ता, सुपारी आणि गावच्या देवाचा अंगारा. टेबल भरलं.

बाईंनी माझ्या कंबरेवरचा नाडीचा लाल वळ बघितला. त्यावर अंगठ्यानं दाबलं आणि माझ्या मांडीत खालपर्यंत मुंग्या धावल्या. मी ओरडलो. बाईंच्या डोळ्यांत हसू दिसलं, तरी त्यांनी काम अर्धवट सोडलं नाही. मला डोळे मिटायची खूण केली, कापसाचा बोळा घेतला आणि मी एकतीस वर्षं जे केलं ते माझ्यावर केलं. कुठं लागतंय, कुठं नाही, ते पेनानं माझ्या मांडीवर आखत गेल्या. डोळे उघडून बघतो तर फिकट डाग एकीकडं आणि बधिर पट्टा वेगळाच, डाग सोडून खाली-वर लांब गेलेला. डागाच्या अर्ध्या भागात तर मला चांगलं कळत होतं. आमच्या रोगात बधिरपणा डागात असतो, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मीच शिकवायचो.

तरी मी वाद घातला! मोबाईल ओढून घेतला आणि म्हणालो, "मला ह्या विषयाचा दीर्घ अनुभव आहे." बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मोबाईलमध्ये बोलल्या. तो रेडिओच्याच आवाजात मला म्हणाला, "हा तो आजार नाही. कंबरेच्या पट्ट्यामुळे आपली नस दाबली गेली आहे. बरे होण्यास काही आठवडे लागतील. कातडी कोरडी आहे, मलम लावावे. कृपया पट्टा बांधू नये." बाईंनी नाडी उचलून टेबलाच्या कडेला ठेवली आणि वरून एक थाप मारली. नर्स हसली, मी हसलो, काउंटरवरची मुलगी डोकावून हसली. मी इतक्या वेळा वाकलो की बाईंनीच मला दंडाला धरून सरळ केलं.

घरी आलो ते जवळजवळ पळत. हात धुतले, आणि शालनच्या मांडीवरून नातीला उचलून खांद्यावर घेतलं. तिच्या डोक्याचा तो दुधाचा वास. शालन म्हणाली, "आज कसं काय उजाडलं तुमाला?"

मनीषा दारात उभी होती. तिचे डोळे भरलेले. ती म्हणाली, "आण्णा, एक विचारू? मुलगी झाली म्हणून का?"

मला आधी कळलंच नाही.

"आधी एवढे लाड करत होता. मग एकदम बारा दिवस हिला हात लावला नाही. मी पुढं केली की तुम्ही भिंतीकडं बघता. गावाकडून कुणाचा फोन आला, कुणी काही बोललं, म्हणून तुमचं मन फिरलं, असं वाटलं मला. ह्यांना बोलले नाही, आईला बोलले नाही. तुम्ही असे असाल असं कधी वाटलं नव्हतं."

बाळाला घेऊन खालीच बसलो. तिला काहीही थाप मारता आली असती, कंबर बरी झाली म्हणता आलं असतं. पण आता कुठल्याच थापेनं तिच्या मनातलं ते निघालं नसतं. मग सगळं सांगितलं. टॉवेल, न्हाणीघर, पेन, चटणीतल्या गोळ्या, डॉक्टरीणबाई, पिशवी. पिशवीपाशी आल्यावर शालननं कपाळावर हात मारला. "आता माझी पिशवी वंगाळ व्हय? म्या बांधाया सांगितली, आवळाया न्हाई!" मनीषा रडता रडता हसायला लागली. दोघी इतक्या हसल्या की बाळ दचकून जागं झालं. मी थोपटलं, ते पुन्हा झोपलं.

हसणं ओसरल्यावर मनीषानं डोळे पुसले आणि विचारलं, "आणि खरंच तेच निघालं असतं तर? हिला कधी घेतलं असतं?"

ह्याचं उत्तर मला तोंडपाठ होतं. पण लेक समोर बसलेली, नात मांडीवर, आणि खोटं बोलून मी दमलो होतो.

"नसतं घेतलं," मी म्हणालो.

"मग लोकांना कशाच्या जोरावर सांगत होता, आण्णा?"

"पगाराच्या."

ह्या वेळी दोघींपैकी कुणी हसलं नाही.